कदाचितचा रंग

त्वेरलुंडच्या शाळेत मी डॅनिश भाषा, इतिहास आणि धर्म हे विषय शिकवतो. तिन्ही एकाच माणसाकडे असण्याचं कारण विद्वत्ता नव्हे, टंचाई. गणित आणि विज्ञान बेंटेकडे. उरलेलं सगळं मुख्याध्यापिका इंगेलीसकडे, आणि उरलेल्यात संगीत, पालकांची भांडणं, गळकं छप्पर आणि नगरपालिका येते.

ज्या वर्षाची ही गोष्ट आहे त्या वर्षी नगरपालिकेने 'भविष्यातील रचना' नावाचा अहवाल काढला. आमच्याकडे शाळा बंद करायची असली की त्याला रचना म्हणतात. मुलं कमी होत चालली आहेत, तेव्हा उरलेल्यांना बसने शहरातल्या मोठ्या शाळेत न्यावं, तिथे पोहण्याचा तलावही आहे, असं त्यात फार सौम्य शब्दांत लिहिलं होतं. शेवटचा शब्द शिक्षण समितीचा होता आणि समिती फेब्रुवारीत शाळा पाहायला येणार होती.

इंगेलीस याच शाळेत शिकली. तिची मुलगी सिसेलही इथेच शिकली आणि मग इथल्या बहुतेक हुशार मुलांसारखी कोपनहेगनला गेली. नवरा वारून बरीच वर्षं झाली. शाळा बंद झाली तर इंगेलीसला शहरात 'समन्वयक' करणार होते. कशाचा कशाशी समन्वय, हे कोणी सांगितलं नव्हतं. या विषयावर ती माझ्याशी एकदाच बोलली.

"थोर्किल, या इमारतीची किल्ली माझ्याकडे नसली तर सकाळी उठून मी करू काय?"

"पोहायला जा. तलाव आहे म्हणतात."



समितीला दाखवण्यासारखी तिच्याकडे एकच गोष्ट होती. ठोकळे.

जगभरच्या मुलांच्या पलंगाखाली जे रंगीत ठोकळे सापडतात आणि अनवाणी बापांच्या तळपायात घुसतात, त्यांचा कारखाना आमच्यापासून पाऊण तासावर आहे. गावातली निम्मी कर्ती माणसं तिथेच कामाला. नाताळात घरी येताना प्रत्येकाच्या काखेत एक खोका असतो. मुलं मोठी होऊन निघून जातात, खोके माळ्यावर राहतात. त्वेरलुंडमध्ये माळ्याचं दार उघडलं की आधी खडखडाट होतो, मग अंगावर एखादा किल्ला पडतो.

अहवालाच्या दोन वर्षं आधी इंगेलीसने हे सगळं शाळेत मागवून घेतलं आणि शिक्षकांच्या बैठकीत जाहीर केलं की इथून पुढे सगळे विषय ठोकळ्यांनी शिकवायचे. मी विरोध केला. म्हणजे "असू शकेल" असं म्हणालो आणि कॉफी ओतून घेतली. आम्ही पश्चिम जटलंडमधली, डेन्मार्कच्या या कडेची माणसं 'नाही' हा शब्द कुत्र्यासाठी राखून ठेवतो. माणसाला "असू शकेल" म्हणतो, आणि समोरचा काय ते समजतो. इंगेलीसही समजली, आणि न समजल्यासारखं करून पुढच्या मुद्द्याकडे वळली. ती तीस वर्षं मुख्याध्यापिका आहे ती उगाच नाही.

तर आम्ही ठोकळ्यांनी शिकवू लागलो. नामं निळी, क्रियापदं लाल. लाल ठोकळा विसरला की वाक्याचा मनोरा कोसळायचा, आणि कोसळला की मुलं खूष व्हायची, त्यामुळे क्रियापदं विसरण्याचं प्रमाण वाढलं. धर्माच्या तासाला बायबलच्या गोष्टीतला लाल समुद्र दुभंगला. तो निळ्या ठोकळ्यांचा करावा लागला, त्यावर अर्धा तास वाद. बेंटेने अपूर्णांक ठोकळ्यांवरच्या टिकल्या मोजून शिकवले आणि मग ठोकळा बुडतो की तरंगतो यात दोन तास घालवले. मला मान्य करायला हवं की मुलांना येऊ लागलं. ठोकळ्यांत एक गैरसोय अशी की चुकीचं उत्तर नीट बसत नाही, आणि ते सगळ्या वर्गाला दिसतं.

त्या हिवाळ्यात मोठ्या वर्गाने 'आपलं गाव' हा प्रकल्प घेतला. भूगोल, इतिहास, गणित आणि समाज, चारही एकात. समितीच्या डोळ्यांसमोर तो मांडायचा अशी इंगेलीसची योजना होती. प्रकल्पाची मुख्य आस्टा. वय अकरा, दोन पिवळ्या वेण्या, आणि आवाज असा की ऐकणाऱ्याने आपोआप खिशातून हात बाहेर काढावेत.

मुलांनी गावभर हिंडून मोजमापं घेतली आणि सभागृहात चार टेबलं जोडून गाव उभं केलं. चर्च, दूधसंघाची जुनी इमारत, क्रेस्तेनचा डुकरांचा गोठा, सगळं जागच्या जागी. मग घरांचे रंग ठरले. ज्या घरात मुलं आहेत ते लाल. ज्या घरात नुसती मोठी माणसं आहेत ते पिवळं. ज्या घरात कोणीच नाही ते पांढरं.

काम पूर्ण झालं तेव्हा गावावर बर्फ पडल्यासारखं दिसत होतं.

इथे थांबले असते तर ठीक होतं. पण बेंटे उत्साही बाई. तिने मुलांना शेजारी आलेख उभारायला लावला. दर वर्षासाठी एक मनोरा आणि दर मुलासाठी एक ठोकळा. यंदाचा मनोरा बरा होता. पुढचा बुटका, त्याच्या पुढचा आणखी बुटका, आणि चौथ्या वर्षाच्या जागी नुसती खालची हिरवी पाटी होती. त्या पाटीवर आस्टाने छोटं निशाण लावलं, म्हणजे जागा रिकामी आहे हे लांबून कळावं.

समिती यायच्या आदल्या दिवशी आम्ही तिघं शिक्षकखोलीत बसलो. इंगेलीसने वरून खोबऱ्याचा थर दिलेला केक केला होता. तिने केक केला म्हणजे परिस्थिती गंभीर आहे हे आम्हाला माहीत असतं.

"मॉडेल चांगलं झालंय," ती म्हणाली.

"वाईट नाही," बेंटे म्हणाली. याहून मोठी स्तुती आमच्याकडे उपलब्ध नाही.

"त्यातून असं दिसतं की शाळा बंद करावी," मी म्हणालो.

"आलेख बरोबर आहे," बेंटे म्हणाली. "मी दोनदा तपासला."

"अगं, बरोबर आहे हीच अडचण आहे."

"मग काय, त्यांना सांगायचं की बरोबर उत्तर पुसा? इंगेलीस, दोन वर्षं तू त्यांना सांगतेयस, जे दिसतं ते मांडा."

"मी काहीच म्हणाले नाही."

"तू केक केलायस."

इंगेलीसने सगळ्यांना केकचा दुसरा तुकडा वाढला. मुलांचं काम मुलांचं, त्याला कोणी हात लावायचा नाही, असं एकमताने ठरलं. आमच्याकडे सगळं एकमतानेच ठरतं, कारण ज्याचं मत वेगळं असतं तो तेव्हा केक खात असतो.

दुसऱ्या दिवशी मी लवकर पोचलो. सभागृहात दिवा होता. इंगेलीस कोट न काढता मॉडेलपाशी वाकून उभी होती. चर्चच्या समोरचं जुन्या शिंप्याचं घर गेली सहा वर्षं ओस पडलं आहे. तिने त्याचं पांढरं छप्पर काढलं आणि लाल बसवलं. मग थोडी मागे सरून बघितलं, खिडकीतले पडदे लावून झाल्यावर बघतात तसं. मी आवाज न करता परत फिरलो आणि कॉफी करायला गेलो. कोणाला काही विचारणं हे आमच्याकडे उद्धटपणात मोडतं.

समिती दहाला आली. पाच माणसं. अध्यक्ष प्रेबेन, शेजारच्याच गावचा, पूर्वी खताचा व्यापारी. त्याने प्रत्येकाशी हात मिळवला, मुलांशीसुद्धा. मग आस्टा पुढे झाली.

"हे त्वेरलुंड. लाल म्हणजे मुलं, पिवळं म्हणजे मोठी माणसं, पांढरं म्हणजे कोणी नाही. आता उत्तरेकडून सुरू करू." ती चर्चपर्यंत आली आणि थांबली. "हे चुकलंय."

"काय चुकलं?" प्रेबेनने विचारलं.

"शिंप्याचं घर. काल पांढरं होतं." ती वर्गाकडे वळली. "कोणी केलं हे?"

 मुलं एकमेकांकडे बघू लागली. मी खिडकीतून बाहेर बघू लागलो. बाहेर काही नव्हतं.

"मी केलं," इंगेलीस म्हणाली.

"तू? का?" आमच्याकडे मुलं मुख्याध्यापिकेलाही तू म्हणतात.

"तिथे सिसेल राहायला येईल. माझी मुलगी. तिला दोन मुलं आहेत."

"तिने घर घेतलं?"

"नाही."

"मग घेणार आहे?"

इंगेलीसने चष्मा काढला, पुसला, परत लावला. "नाताळात ती म्हणाली, असू शकेल."

समितीच्या पाचही जणांनी माना खाली घातल्या. पाचही जण याच भागातले. त्या दोन शब्दांचा अर्थ त्यांना कोणी समजावून सांगायची गरज नव्हती, आणि इंगेलीसला तर नव्हतीच. पण आस्टा अकरा वर्षांची होती आणि आम्ही दोन वर्षं तिला शिकवलं होतं की जे ऐकलं ते जसंच्या तसं मांडायचं.

"मग ते लाल नाही होत," ती म्हणाली. "पण पांढरंही नाही. कदाचितला आपल्याकडे रंगच नाही."

यावर मुलांनी तिथेच चर्चा सुरू केली. समितीकडे कोणाचं लक्ष राहिलं नाही. एक म्हणाला गुलाबी, कारण लाल आणि पांढरं मिसळून गुलाबी होतो. दुसरी म्हणाली, गुलाबी ठोकळे सगळे आइस्क्रीमच्या दुकानाला लागलेत. शेवटी धाकट्या वर्गातल्या एका पोरीने पोलिसगाडीची पुढची काच उपटून आणली. पारदर्शक. आत बघितलं तर काही दिसत नाही, पण तिथे काहीतरी आहे हे कळतं. मत घेतलं गेलं. एकमत झालं, तेही केक नसताना.

शिंप्याच्या घरावर काच बसली.

"सुंदर काम आहे," प्रेबेन म्हणाला, आणि मला वाटतं ते त्याला खरंच वाटत होतं. "पण समितीला 'कदाचित' मोजता येत नाही, मुली."

"आम्हाला येतं. आम्ही प्रत्येक घरी जाऊन विचारू."

"काय विचाराल?"

"तुमच्या घरी मुलं येणार का."

प्रेबेन हसला. तो भला माणूस आहे, शाळा बंद करायला त्याला मनापासून वाईट वाटत होतं, आणि भल्या माणसांच्या तोंडून अशा वेळी उदार बोललं जातं. "असं करू. मेमध्ये आमची शेवटची बैठक आहे. तोवर यातला एक जरी 'कदाचित' लाल झाला, तरी मी शाळेला आणखी एक वर्ष द्यायला सांगेन. एक जरी."

चौघांनी माना डोलावल्या. एवढं निर्धास्त आश्वासन नगरपालिकेने बऱ्याच वर्षांत दिलं नव्हतं.

मुलं दोन-दोनच्या जोड्यांनी गावभर फिरली. समाज या विषयाचा तास. दार उघडलं की आस्टा म्हणायची, "आम्ही शाळेतून आलोय. तुमच्या घरी मुलं येणार आहेत का? तुमची, नाहीतर तुमच्या मुलांची?"

आता सांगा, दारात दोन पोरं थंडीने नाक ओढत उभी आहेत, त्यांची शाळा टांगणीला लागली आहे, त्यांच्या तोंडावर कोण काय म्हणेल? ज्यांची मुलं ऑस्ट्रेलियात आहेत ते म्हणाले, असू शकेल. ज्यांनी घर विकायला काढलं होतं ते म्हणाले, असू शकेल. ब्याऐंशी वर्षांच्या गेर्डाने थोडा विचार केला आणि तीही म्हणाली, असू शकेल. दूधसंघाची इमारत ज्याच्या नावावर आहे त्याने फोनवर सांगितलं की तिथे फ्लॅट होण्याची शक्यता नाकारता येत नाही.

सभागृहातलं गाव काचेचं झालं. पारदर्शक ठोकळे संपले तेव्हा मुलांनी हेलिकॉप्टरं, अंतराळयानं आणि सगळ्या पोलिसगाड्या उघड्या केल्या. दुपारच्या उन्हात ते गाव असं लखलखायचं की पालक फोटो काढायला येऊ लागले. स्थानिक वर्तमानपत्राने पहिल्या पानावर छापलं : 'त्वेरलुंडमध्ये आशा'.

"छान दिसतंय," बेंटे म्हणाली. आम्ही दोघं दारात उभे होतो.

"यातले किती येतील?"

"एकही नाही."

"मग सांग ना त्यांना."

"तू सांग. भाषा तुझा विषय आहे."

मी सांगितलं नाही. इंगेलीसही काही म्हणाली नाही. ती रोज संध्याकाळी कुलूप लावायच्या आधी शिंप्याच्या घरावरची काच बोटाने सरळ करायची. ती सरळच असायची.

ईस्टरला सिसेल मुलांना घेऊन आली. शनिवारी ती आईबरोबर फिरायला निघाली आणि सहज शिंप्याच्या घरासमोर थांबली. मी शेजारीच माझ्या अंगणात जुनी फांदी कापत होतो. रस्त्यापलीकडे आस्टा आणि आणखी तिघंजण सकाळपासून दबा धरून बसल्यासारखी उभी होती. आस्टा पुढे आली.

"तू सिसेल ना?"

"हो. तू कोण?"

"आस्टा. तू इथे राहायला येणार का?"

सिसेलने आईकडे बघितलं. इंगेलीस कुंपणाच्या खांबावरचं शेवाळ खरवडू लागली.

"नाही," सिसेल म्हणाली.

 आस्टाने हा शब्द मोठ्या माणसाच्या तोंडून, एवढ्या जवळून, बहुधा पहिल्यांदाच ऐकला होता. "नाही म्हणजे कदाचित?"

"नाही म्हणजे नाही. माझं काम तिकडे आहे, मुलांचे मित्र तिकडे आहेत. आणि इथे रविवारी दुपारी मला रडू येतं. तशी मी बरी असते, पण इथे आले की येतं."

"नाताळात तू असू शकेल म्हणाली होतीस."

"आईला म्हणाले होते."

"ठीक आहे," आस्टा म्हणाली. "थँक्यू. बरं झालं सांगितलंस."

मुलं सायकलींवर बसून गेली. सिसेल कोपनहेगनमध्ये बारा वर्षं राहिली आहे. तिकडे असं बोलतात म्हणे, समोरासमोर. माय-लेकी घराकडे बघत उभ्या राहिल्या. मग इंगेलीस म्हणाली, "चल, बटाटे लावून आलेय," आणि दोघी निघाल्या. वळणावर सिसेलने आईच्या कोटाच्या खिशात हात घातला, लहानपणी घालायची तसा. मी फांदी कापत राहिलो.

सुट्टी संपल्यावर पहिल्या दिवशी इंगेलीस सगळ्यांच्या देखत मॉडेलपाशी गेली. काच काढली, पांढरं छप्पर बसवलं.

"आता बरोबर?" तिने विचारलं.

"बरोबर," आस्टा म्हणाली. मग ती फळ्यापाशी गेली. तिला काहीतरी सुचलं होतं आणि ते तिला थांबवता येत नव्हतं. "बेंटे, आपला प्रश्न चुकला. आपण तीन उत्तरं देऊ दिली, म्हणून सगळ्यांनी मधलं घेतलं. दोनच द्यायला हवीत."

"पद्धतीच्या दृष्टीने अगदी योग्य," बेंटे म्हणाली. नंतर शिक्षकखोलीत ती कपाळाला हात लावून बसली.

दुसरी फेरी गावाला फार जड गेली. "हो की नाही? कदाचित चालणार नाही," असं दारात ऐकल्यावर माणसं दाराच्या चौकटीला टेकायची. काहींनी घरात नसल्यासारखं केलं. मुलं पायरीवर बसून राहिली. एकाने हवामानावर बोलून बघितलं. गेर्डा म्हणाली, "बाळ, माझं वय बघ," आणि आस्टा म्हणाली, "बघितलं. हो की नाही?" शेवटी प्रत्येकाने तो शब्द उच्चारला. काही जण त्यानंतर मोकळे झाल्यासारखे दिसले. दोघांनी तर मुलांना आत बोलावून, राय धान्याच्या काळ्या पावावर यकृताची चटणी फासून खाऊ घातली, आणि आपली मुलं का येत नाहीत ते सगळं सांगितलं. इतकी वर्षं कोणी विचारलंच नव्हतं.

गाव पुन्हा पांढरं-पिवळं होत गेलं. इंगेलीस रोज संध्याकाळी कुलूप लावायची आणि सरळ घरी जायची. तिने कपाटातले जुने फोटो खोक्यात भरायला घेतले होते.

सगळ्यात शेवटी क्रेस्तेन राहिला होता. डुकरांचा गोठा गावाबाहेर आहे आणि क्रेस्तेन पन्नाशीचा, एकटा, कोणाशी न बोलणारा, म्हणून त्याचं घर मुलांनी शेवटी ठेवलं होतं. पहिल्या फेरीत त्याने "असू शकेल"सुद्धा म्हटलं नव्हतं. नुसता खांदा उडवला होता आणि मुलांनी तो कदाचितमध्ये धरला होता. त्या दिवशी पाऊस होता, म्हणून मी आस्टाला आणि तिच्या जोडीदाराला गाडीने नेलं.

क्रेस्तेन रबरी बुटांत बाहेर आला.

"तुझ्या घरी मुलं येणार का?" आस्टाने विचारलं. "हो की नाही?"

"हो."

आस्टाने पान उलटलं होतं, ते परत मागे घेतलं. "काय म्हणालास?"

"हो म्हणालो."

"किती?"

"तीन."

"कधी?"

"ऑगस्टात."

"कोणाची?"

क्रेस्तेनने गोठ्याकडे बघितलं. दारात दोरिना उभी होती, हातात फावडं. रुमानियाची दोरिना त्याच्याकडे पाच वर्षं कामाला आहे. दुकानात आली की आम्ही सगळे तिला मान झुकवून नमस्कार करतो. बाकी ती कुठली, घरी कोण, कोणी विचारलं नव्हतं. विचारणं बरं दिसत नाही.

"माझी," दोरिना म्हणाली. तिचं डॅनिश आमच्याच बोलीतलं होतं, डुकरांशी बोलून आलेलं असावं. "आईजवळ आहेत, गावी. आता इकडे आणतोय. जूनमध्ये आमचं लग्न आहे."

"कोणाचं?" हे मी विचारलं. तोंडातून निघून गेलं.

"आमचं," क्रेस्तेन म्हणाला, आणि त्याचे कान लाल झाले.

"कोणाला सांगितलं का नाहीस, गड्या?"

"कोणी विचारलं नाही."

आस्टाला लग्नात रस नव्हता. "तिघंही शाळेच्या वयाची आहेत? इथेच येणार? नक्की?"

"मग कुठे जाणार?" दोरिना म्हणाली. "बस लागते त्यांना. ओकतात."

संध्याकाळपर्यंत गावाला कळलं. दुकानात त्या दिवशी लोक गरज नसताना दूध न्यायला आले.

मेमध्ये प्रेबेन एकटाच आला. पांढऱ्या-पिवळ्या गावाभोवती त्याने एक फेरी मारली आणि डुकरांच्या गोठ्यापाशी थांबला. तिथे एक नवं लाल छप्पर होतं. त्याने वाकून ते निरखलं, जणू ते कोणी सकाळी लवकर येऊन बसवलं असावं.

"मी नाही," इंगेलीस म्हणाली.

"मला माहीत आहे. मी येताना क्रेस्तेनकडे थांबलो होतो." त्याने टोपी काढून परत घातली. "तिने मला कॉफी दिली. भयंकर कडक."

"तू म्हणाला होतास, एक जरी," आस्टा म्हणाली.

"म्हणालो होतो."

"मग?"

प्रेबेनने इंगेलीसकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. तोंड उघडलं. त्याला कोणता शब्द सोयीचा पडला असता ते आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. पण समोर आस्टा उभी होती, तिच्या एका हातात पेन्सिल आणि दुसऱ्या हातात कागद.

"हो," तो म्हणाला. "एक वर्ष."

तो गेल्यावर इंगेलीसने खोक्यातले फोटो बाहेर काढले आणि एकेक कपाटात लावू लागली. "एकच वर्ष," मी म्हणालो. "वाईट नाही," ती म्हणाली.

समितीच्या अहवालात या सगळ्याचा उल्लेख 'विद्यार्थ्यांचा सहभाग' असा आला, आणि शहरातल्या मोठ्या शाळेने दुसऱ्या दिवशी ठोकळे मागवले.

ऑगस्टात तीन मुलं आली. क्रेस्तेनने त्यांना ट्रॅक्टरवरून आणलं. थोरली इलिंका, दहा वर्षांची. तिच्या मागे दोन भाऊ, तिच्या दप्तराला धरून. तिघांनाही डॅनिशचा एक शब्द येत नव्हता. इंगेलीसने त्यांना शाळा दाखवली, कुठे कोट टांगायचा ते दाखवलं आणि सभागृहात आणून माझ्या स्वाधीन केलं.

इलिंका मॉडेलपाशी गेली. तिने सगळ्या गावावरून नजर फिरवली. मग हात पुढे करून एक पांढरं घर उचललं. मग दुसरं. शिंप्याचं, दूधसंघाचं, गेर्डाच्या शेजारचं, एकेक उचलून ती टेबलाच्या कडेला ढीग करू लागली. मागे मुलं टाचा उंचावून बघत होती. सगळ्या हिवाळ्याची मोजमापं होती त्यात.

"थोर्किल, ती घरं तोडतेय," आस्टा हळूच म्हणाली.

मी इंगेलीसकडे बघितलं. ती दारात उभी होती, किल्ल्यांचा जुडगा हातात.

"रिकामीच आहेत," इंगेलीस म्हणाली.

इलिंकाला आमचं काही कळत नव्हतं. ती घरांच्या भिंती फोडून ठोकळे वेगळे करत होती आणि एकावर एक रचत होती. आधी रुंद पोट झालं, मग लांब मान, मग चोच. चोचीसाठी तिने एक पिवळं घर घेतलं, ते मात्र मालकाला न विचारता. मी विचारलं, हे काय? तिने एक शब्द सांगितला. आम्ही बघत राहिलो. तेव्हा तिने मान पुढे काढली, दोन्ही हात मागे पसरले आणि सभागृह दणाणेल असा आवाज काढला.

"हंस!" सगळा वर्ग ओरडला.

"हंस," इलिंका म्हणाली, आमच्यासारखंच, थोडं नाकातून. मी तो शब्द फळ्यावर लिहिला. तिचा धाकटा भाऊ आता दप्तर सोडून पुढे आला होता. त्याने बोटांनी दाखवलं की असे तीन हवेत, नाही, चार, आणि पिल्लं वेगळी. आस्टा बाह्या सरसावून चर्चच्या मागची आळी मोडायला लागली. पांढऱ्या ठोकळ्यांची आमच्याकडे कमतरता नव्हती.